आधी कोंबडी, मग अंडं

ऑगस्ट २०२५ मध्ये दावणगेरे जिल्ह्याच्या चन्नगिरी तालुक्यातलं नल्लूर हे गाव एका अंड्यापायी बातम्यांत आलं. एरवी पांढरी अंडी देणाऱ्या कोंबडीने म्हणे निळसर-हिरवं अंडं दिलं. गाव बघायला लोटलं, पशुवैद्यकीय अधिकारी आले आणि त्यांनी बिलिव्हर्डिन या रंगद्रव्याचं नाव घेतलं. अशी बातमी बंगळूरच्या इंदिरानगरात वाचली जाते तेव्हा तिचा अर्थ थोडा बदलतो. इथे काही जुन्या बंगल्यांना अजून हातभर अंगण आहे, नव्या इमारतींना गच्च्या आहेत, आणि शंभर फुटी रस्त्यावरच्या खानावळींत ‘नाटी कोळी’च्या म्हणजे गावठी कोंबडीच्या अंड्याला वेगळा भाव मिळतो. तेव्हा चार कोंबड्या पाळायच्या तर निळी अंडी देणाऱ्याच का नकोत, आणि त्यासाठी जात कुठली निवडावी, हा प्रश्न अगदी वाजवी आहे. मात्र तो शेपटाकडून विचारला जातो असं माझं मत आहे. निळा रंग हा कोंबडीच्या साऱ्या गुणांत मिळवायला सर्वांत सोपा गुण आहे, कारण तो एका जनुकाच्या हाती आहे. इथल्या हवेत, इथल्या रोगांत, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून जगणारी आणि नेमाने अंडी देणारी कोंबडी मिळवणं मात्र अवघड, कारण ते शेकडो जनुकांचं आणि सांभाळणाऱ्याच्या हाताचं काम आहे. म्हणून आधी कोंबडी निवडावी, रंग तिच्यात नंतर आणावा.

रंगापासूनच सुरुवात करू, कारण सगळं गूढ त्याच्याभोवतीच साचलेलं आहे. कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला मुळात दोनच रंगद्रव्यं रंगवतात. प्रोटोपॉर्फिरिन तपकिरी छटा देतं आणि बिलिव्हर्डिन निळी-हिरवी. दोन्हींचं नातं रक्तातल्या हीमशी आहे. मुका मार लागून काळानिळा पडलेला डाग जाताना हिरवट होतो, तो हिरवेपणा याच बिलिव्हर्डिनचा. तपकिरी रंग अंडं बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत वरून चढतो, त्यामुळे तपकिरी अंडं फोडलं तर कवच आतून पांढरंच दिसतं. निळा रंग मात्र कवच घडत असताना, म्हणजे गर्भाशयातल्या वीसेक तासांत, चुन्याच्या थराथरांत मुरत जातो आणि आतूनही निळा दिसतो. ही बारीक गोष्ट पुढे फसवणूक ओळखायला उपयोगी पडेल. एकाच कोंबडीत दोन्ही रंगद्रव्यं आली तर निळ्यावर तपकिरी चढून हिरवं किंवा शेवाळी अंडं तयार होतं. म्हणजे ‘हिरवी अंडी देणारी जात’ ही काही तिसरी किमया नाही.

आणि निळं अंडं ही परदेशी नवलाई आहे, हा समजही झाडावर नजर टाकली की गळून पडतो. साळुंकीचं अंडं निळं असतं, सातभाईचं तर गडद, चकचकीत निळं. सातभाईच्या घरट्यात चोरून अंडं घालणाऱ्या पावशाचंही अंडं निळंच, नाहीतर चोरी पचणार कशी! इंदिरानगरात पर्जन्यवृक्षांची आणि बागांची सावली अजून टिकून आहे तिथे ही अंडी दरवर्षी, कोणी न पाळता, घातली जातात. घरगुती पक्ष्यांत बदकांच्या काही जातींची अंडी निळसर-हिरवी निघतात, हेही नवं नाही. बहुतेक कोंबड्यांच्या घराण्यात मात्र हा रंग उतरत नाही. जगात तो दोन ठिकाणी ठळकपणे दिसला: दक्षिण अमेरिकेत चिलीमधल्या मापुचे लोकांच्या कोंबड्यांत आणि चीनमधल्या दोंगश्यांग, लुशी यांसारख्या स्थानिक जातींत.

चिलीच्या कोंबड्यांची युरोपीय जगाला ओळख करून दिली ती साल्वादोर कास्तेयो या स्पॅनिश कुक्कुटतज्ज्ञाने, १९२१ च्या हेग इथल्या जागतिक कुक्कुट परिषदेत. बारा वर्षांनी, १९३३ साली, केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेटने हा रंग एकाच प्रभावी जनुकाने ठरतो हे संकर करून दाखवलं. मेंडेलची गणितं पोरांना शिकवताना चौकटींचा तक्ता काढतात ना, तो याच पनेटच्या नावाचा. ते जनुक नेमकं काय आहे हे कळायला आणखी ऐंशी वर्षं गेली. २०१३ मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधकगटांनी दाखवून दिलं की, पहिल्या गुणसूत्रावरच्या एसएलसीओ१बी३ या जनुकाच्या शेजारी एका प्राचीन रेट्रोव्हायरसचा तुकडा येऊन चिकटलेला आहे. हे जनुक एरवी यकृतात पित्ताशी संबंधित द्रव्यं वाहून नेण्याचं काम करतं. विषाणूच्या तुकड्यामुळे ते कवच बनवणाऱ्या ग्रंथीतही जागं होतं आणि बिलिव्हर्डिन कवचात उतरतं. गंमत अशी, की चिलीच्या आणि चीनच्या कोंबड्यांत हा तुकडा स्वतंत्रपणे, जरा वेगळ्या जागी शिरलेला आहे. दोन खंडांत दोन वेगळे अपघात आणि परिणाम एकच. निळ्या अंड्याला ‘शुद्ध, नैसर्गिक, औषधी’ वगैरे विशेषणं लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: त्या रंगाचं मूळ एका जुन्या विषाणूच्या संसर्गात आहे. त्यात वाईट काही नाही, आणि अधिक पवित्रही काही नाही.

आता जातींची नावं. अरौकाना, अमेरौकाना, क्रीम लेगबार आणि ‘ईस्टर एगर’ ही चार नावं शोधणाऱ्याच्या समोर हमखास येतात, आणि त्यांत घोळही हमखास होतो. अमेरिकी प्रमाणातली अरौकाना बिनशेपटीची असते आणि तिच्या कानांजवळ पिसांचे झुपके असतात. हे झुपके आणणारं जनुक आई-बाप दोघांकडून आलं तर पिल्लू कवचातच मरतं. शेपटी नसल्याने मिलनही नीट होत नाही आणि फलनाचं प्रमाण घटतं. म्हणजे प्रदर्शनात बक्षीस मिळवून देणारी लक्षणंच उबवणीत नुकसान करतात. अमेरौकानाला शेपूट आहे, गालांवर दाढी आहे, झुपक्यांची कटकट नाही, आणि अमेरिकी संघटनेने तिला १९८४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. क्रीम लेगबार ब्रिटनमधली, पनेट आणि त्याचा सहकारी मायकल पीझ यांच्या केंब्रिजमधल्या कामातून आलेली. तिच्यात लेगहॉर्न आणि बार्ड प्लायमाउथ रॉक यांच्या रक्तात चिलीचं निळं जनुक मिसळलेलं आहे. ईस्टर एगर ही तर जातच नाही. निळं जनुक असलेल्या कुठल्याही संकरित कोंबडीला विक्रेते ते नाव देतात. अमेरिकेत कित्येक वर्षं अशीच सरमिसळ पिल्लं अरौकाना म्हणून खपत आली. तेव्हा नावावर विश्वास ठेवून पैसे मोजणं म्हणजे पाटी बघून दुकानातला माल पारखण्यासारखं.

भारतात परिस्थिती आणखी वेगळी आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदलेल्या देशी कोंबड्यांच्या जाती वीसच्या घरात आहेत: असील, कडकनाथ, निकोबारी, अंकलेश्वर, आपल्या नंदुरबार-धुळ्याकडची आणि गुजरात सीमेवरची बुसरा, मणिपूरची कौनायेन, केरळची तेलिचेरी वगैरे. निळं कवच हे यांतल्या एकाही जातीचं लक्षण नाही. अंडी पांढरट, मळकट पांढरी किंवा फिक्या तपकिरी रंगाची. कडकनाथबद्दल विशेष सांगावं लागतं, कारण तिचं मांस, हाडं, तुरा सारं काळं, म्हणून अंडंही काळं किंवा निळं असणार असा समज पसरलेला आहे. ते अंडं साध्या फिक्या तपकिरी-दुधी रंगाचं असतं. कातडीचा काळेपणा आणि कवचाचा रंग यांची जनुकं वेगळी, गुणसूत्रंही वेगळी. चीनची दोंगश्यांग कोंबडी काळ्या अंगाची आहे आणि तिची अंडी निळी-हिरवी असतात हे खरं, पण ते दोन गुण एका अंगात आले म्हणून एकाने दुसरा येत नाही. पांढऱ्या कानपाळीची कोंबडी पांढरं अंडं देते, लाल कानपाळीची तपकिरी, हा अंदाजही निळ्याच्या बाबतीत निरुपयोगी ठरतो. अरौकानाची कानपाळी लालच असते.

परदेशातून शुद्ध जात आणावी, हा पहिला आक्षेप इथेच येतो. जिवंत पक्षी किंवा उबवणीची अंडी देशात आणायला केंद्रीय पशुसंवर्धन विभागाची स्वच्छताविषयक आयात परवानगी लागते, विलगीकरण लागतं, आणि ज्या देशात बर्ड फ्लू चालू असेल तिथून आयातीला बंदी येते. गच्चीवरच्या चार कोंबड्यांसाठी हा खटाटोप कोणी करत नाही. त्यामुळे आज हौशी बाजारात ‘अरौकाना’ म्हणून पिल्लू समोर आलं तर त्याच्या पाठीमागे कागद नसणार हे धरून चालावं. पण माझा मुख्य मुद्दा कागदाचा नाहीच. समजा शुद्ध अमेरौकाना कायदेशीर मार्गाने हातात पडली, तरी इंदिरानगरासाठी ती पहिली निवड ठरावी का? दाढी, गालमिशा, अंगाला चिकटलेला बुटका वाटाणा-तुरा ही थंडीची बांधणी आहे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती चोच उघडून धापा टाकते आणि तुऱ्यातून, कल्ल्यांतून उष्णता बाहेर टाकते. लेगहॉर्नचा लोळणारा मोठा तुरा म्हणूनच उन्हाळी मुलखात कामाचा. (असीललाही वाटाणा-तुराच असतो आणि ती आंध्रच्या उन्हात मजेत राहते, पण तिचे उंच पाय आणि विरळ पिसं विसरू नयेत.)

बंगळूरची हवा नागपूर-जळगावसारखी नाही, हा दुसरा आक्षेप, आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, रात्री बहुधा गार असतात. पण एप्रिल २०१६ मध्ये याच शहराचा पारा ३९ अंशांच्या वर गेला होता, आणि सिमेंटच्या गच्चीवर पत्र्याखाली ठेवलेल्या खुराड्यात तो आकडा किती होईल ते सांगायला नको. हवामानाचा एक फायदा मात्र परदेशी पुस्तकं वाचणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. कोंबडीचं अंडी देणं दिवसाच्या लांबीवर चालतं. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा होतो आणि कोंबड्या अंडी देणं थांबवतात, म्हणून तिकडच्या पुस्तकांत हिवाळ्यातल्या दिव्यांवर पानंच्या पानं असतात. बंगळूर तेरा अंश उत्तर अक्षांशावर. इथे सर्वांत लहान दिवस सव्वाअकरा तासांच्या पुढे आणि सर्वांत मोठा तेराच्या आत. हिवाळ्याची खोट इथे फारशी बसत नाही. म्हणजे ‘थंडीतही अंडी देते’ या गुणासाठी ज्या जातींची वाखाणणी होते, तो गुण इथे विकत घेण्याची गरजच नाही.

रोगांचा विचार मात्र टाळता येत नाही. राणीखेत हा आजार, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, तो हिमालयातल्या राणीखेतच्या नावाने ओळखला जातो, आणि लस न टोचलेला कळप तो दोन-चार दिवसांत झोपवतो. पावसाळ्यात ओल्या तुसावर रक्ती हगवण येते, डासांतून देवी पसरते. लस मोठ्या फार्मसाठी असते, घरच्या चार कोंबड्यांना कशाला, असं म्हणणाऱ्यांचीच कोंबडी आधी जाते. कुपीत शंभर-दोनशे मात्रा असतात आणि उरलेली फुकट जाते हे खरं, पण तो खर्च कोंबडी पाळण्याच्या खर्चाचाच भाग धरावा लागतो. बर्ड फ्लूची गोष्ट आणखी गंभीर. भारतातला त्याचा पहिला मोठा प्रकोप फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला, म्हणजे बुसरा कोंबडीच्या ऐन माहेरात. ठरलेल्या परिघातले सगळे पक्षी मारावे लागतात, त्यात फार्मची कोंबडी आणि परसातली कोंबडी असा भेद होत नाही. २०२५ च्या सुरुवातीला चिक्कबळ्ळापूर आणि बळ्ळारी जिल्ह्यांत तो रोग दिसला, आणि चिक्कबळ्ळापूर इंदिरानगराहून काही फार दूर नाही. दुर्मिळ परदेशी जातीत सगळी हौस आणि सगळा पैसा गुंतवलेला माणूस अशा वेळी दुहेरी बुडतो. इथलं पिल्लू पुन्हा मिळतं, तिकडचं मिळत नाही.

मग इथलं म्हणजे कुठलं? याचं उत्तर इंदिरानगरच्या वेशीबाहेरच आहे. हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात परसातल्या कुक्कुटपालनासाठी गिरिराजा आणि पुढे स्वर्णधारा तयार झाल्या. हेसरघट्ट्याच्या केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेची कावेरी आहे, हैदराबादच्या संस्थेच्या वनराजा आणि ग्रामप्रिया आहेत. बुसरा कोंबडी वर्षाला चाळीस-पंचावन्न अंडी देते, कडकनाथ शंभराच्या आसपास. गिरिराजा १३० ते १५० देते, स्वर्णधारा त्याहून जास्त. पिंजऱ्यातली व्यापारी लेगहॉर्न तीनशेच्या पुढे जाते, पण तिच्यासाठी खाद्य तोलून-मापून, उजेड ठरवून द्यावा लागतो. परसातल्या सुधारित जाती स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं, किडे, पालापाचोळा खाऊन वर थोड्या खाद्यावर भागवतात. ‘थोड्या’ या शब्दावर मात्र कोणी निश्चिंत राहू नये. गच्चीवर किडे नसतात. तिथे प्रत्येक कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम अंडी-खाद्य लागतं आणि कवचासाठी शिंपल्याचा चुरा वेगळा ठेवावा लागतो. दर अंड्यामागे दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम कोंबडीच्या अंगातून जातं. ते खाद्यातून आलं नाही तर हाडांतून जातं, मग अंडं निळं असो की पांढरं.

आता निळा रंग अशा कोंबडीत कसा आणायचा? जनुक प्रभावी असल्याने एका नराने काम होतं. नराकडे दोन्ही प्रती निळ्या असतील तर त्याच्या सगळ्या मुली रंगीत अंडी देतील. एकच प्रत असेल तर निम्म्याच देतील. अडचण उघड आहे: कोंबडा अंडं देत नाही, मग त्याच्या पोटात काय आहे ते कळणार कसं? एकतर जनुकीय चाचणी, नाहीतर त्याच्या मुली. साध्या कोंबड्यांवर सोडलेल्या नराच्या ओळीने सात मुलींनी रंगीत अंडी दिली, तर त्याच्याकडे एकच प्रत असण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी उरते. पाश्चात्त्य पुस्तकांत आणखी एक खूण दिलेली असते. निळ्या रंगाचं जनुक आणि वाटाणा-तुऱ्याचं जनुक एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी आहेत, त्यामुळे साध्या तुऱ्याच्या कोंबडीशी संकर केला की वाटाणा-तुऱ्याचं पिल्लू बहुधा निळं जनुक घेऊनच येतं. खूण उत्तम आहे, पण भारतात ती डोळे मिटून वापरली तर दगा देते, कारण असील आणि तिच्या रक्ताच्या असंख्य गावठी कोंबड्यांना वाटाणा-तुरा असतो आणि निळं जनुक नसतं. क्रीम लेगबारमध्ये तर निळं जनुक साध्या तुऱ्याबरोबर बांधलेलं आहे. तुरा बघून तलंग निळी अंडी देईल असं सांगणारा विक्रेता खोटं बोलत असेलच असं नाही, पण त्याचं पुस्तक दुसऱ्या देशाचं आहे.

जोडीला कुठली मादी घ्यावी, यावर रंगाची छटा ठरते. गिरिराजाचं अंडं तपकिरी, म्हणून तिच्यातून हिरवट अंडी येतील. स्वच्छ आकाशी रंग हवा तर पांढऱ्या अंड्याची मादी लागते, आणि पांढरं अंडं भरपूर देणारी, सहज मिळणारी कोंबडी म्हणजे लेगहॉर्न. ती बुजरी, उडणारी, फडफडणारी असते आणि गच्चीच्या कठड्यावरून शेजारी जाऊ शकते हेही खरं. ब्रिटनमध्ये लेगबार तयार करणाऱ्यांनी नेमका हाच जमाखर्च मांडला होता: थोडा रंग चिलीचा, बाकी शरीर कामाच्या कोंबडीचं. मी वर मांडलेलं म्हणणं त्यामुळे नवं नाही, नव्वद वर्षं जुनं आहे. नवं इतकंच, की इथे कामाची कोंबडी वेगळी आहे.

यावर देशी वाणांच्या कैवाऱ्यांचा आक्षेप येतो, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. परदेशी रक्त मिसळून गावठी कोंबड्या आधीच पातळ झाल्यात, त्यात आता अंड्याच्या रंगासाठी आणखी मिसळण कशाला? हे मान्य करूनच पुढे जायला हवं. बुसरा, असील, कडकनाथ यांच्या शुद्ध कळपांत निळा नर सोडणं हा अविचार ठरेल. बुसराचे पक्षी आधीच थोडे, आणि एकदा शिरलेलं प्रभावी जनुक बाहेर काढायला पिढ्या जातात. पण गिरिराजा, कावेरी, लेगहॉर्न हे मुळातच मिसळून घडवलेले किंवा व्यापारी वाण आहेत. त्यांच्यात रंग घातल्याने कुठला वारसा बुडत नाही. शहरातल्या हौशी माणसाने तिथेच थांबावं.

अंडं पौष्टिक म्हणून निळं हवं, असं म्हणणाऱ्यांना उत्तर छोटं आहे. निळ्या अंड्यात कोलेस्टेरॉल कमी असतं हा दावा अमेरिकेत १९७० च्या दशकातच तपासला गेला आणि टिकला नाही. कवचाचा रंग बलकापर्यंत पोहोचत नाही. बलकाचा रंग खाद्यातल्या मक्यावर, हिरव्या पाल्यावर, झेंडूच्या पाकळ्यांवर ठरतो. पण पौष्टिकतेचा मुद्दा हरला की लगेच भावाचा मुद्दा पुढे येतो: वेगळ्या अंड्याला वेगळी किंमत मिळेल, मग धंदा का नको? इथे थांबून विचार करायला हवा, कारण पक्ष्याच्या वेगळेपणावर उभ्या राहिलेल्या धंद्याचे दोन धडे आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेलेत. २०१२ च्या सुमाराला दक्षिणेत आणि महाराष्ट्रातही इमूपालनाचा फुगा फुटला. इमूचंही अंडं गर्द हिरवं, देखणं. पक्षी विकणारेच ते परत विकत घेऊ म्हणत होते आणि खाणारं गिऱ्हाईक कुठेच नव्हतं. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून कडकनाथचं तेच झालं: कंपनीने पिल्लं दिली, अंडी-पक्षी परत घेण्याचं वचन दिलं, आणि हजारो शेतकऱ्यांच्या दारात काळ्या कोंबड्या खाद्याविना आरवत राहिल्या. कडकनाथ ही खोटी कोंबडी नव्हती, झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालेलं होतं. खोटा होता तो हिशेब. निळ्या अंड्याच्या नावाने उद्या कोणी ‘पिल्लं घ्या, अंडी आम्ही घेऊ’ म्हटलं, तर पहिला प्रश्न अंडी शेवटी खाणार कोण हाच असावा.

राहिला सौंदर्याचा आक्षेप: हिशेब कसला मांडता, टोपलीत आकाशी अंडी सुंदर दिसतात, एवढं पुरे नाही का? पुरे आहे. मला ते कारण बाकीच्या सगळ्यांपेक्षा प्रामाणिक वाटतं. फक्त सौंदर्यासाठी घेणाऱ्याने पिल्लू घेऊ नये, अंड्यावर आलेली तलंग घ्यावी, आणि तिचं अंडं समोर बघून घ्यावी. एका कोंबडीचा कवचाचा मूळ रंग जन्मभर बदलत नाही. अंडी देण्याच्या हंगामात छटा फिकी होते, पिसं झडून विसावा झाला की पुन्हा उठते, आणि तपकिरी अंडं आजाराने किंवा निकार्बाझिनसारख्या औषधाने पांढुरकं पडू शकतं. पांढरं अंडं देणाऱ्या कोंबडीला मात्र वयाच्या मध्यावर निळं जनुक फुटत नाही. नल्लूरसारखी गोष्ट कानावर आली, की आधी साधी कारणं तपासावीत. एकाच खोक्यात चार कोंबड्या बसत असतील तर अंडं नेमकं कोणाचं? ती कोंबडी आठवडाभर वेगळी डालून ठेवली की उत्तर मिळतं. आणि विकतच्या अंड्याबद्दल शंका असेल तर ते फोडून कवच आतून बघावं. वरून लावलेल्या रंगाखाली आतला चुना पांढराच राहतो.

शेवटी उरतो तो नर, आणि इंदिरानगरात बहुतेक बेत त्याच्यापाशीच अडतात. अंडी मिळायला कोंबडा लागत नाही, पण पिल्लं काढायची म्हटली तर तो हवा, आणि उबवलेल्या पिल्लांतली निम्मी नरच निघतात. रहिवासी भागासाठी रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे. पहाटे चारला आरवणारा कोंबडा ती मर्यादा आणि शेजाऱ्याची सहनशक्ती दोन्ही ओलांडतो. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही हे खरं, पण झाकलेलं कोंबडंही ओरडायचं राहत नाही. त्यामुळे संकर शहराबाहेर, होसकोटे-कनकपुऱ्याकडच्या एखाद्या मळ्यात करावा आणि गच्चीवर फक्त माद्या आणाव्यात. मग प्रश्न असा, की एक दिवसाच्या पिल्लांत माद्या ओळखायच्या कशा? पनेट आणि पीझ यांना निळ्या रंगाच्या आधीपासून पडलेला प्रश्न हाच होता. पट्टेरी पिसांचं जनुक लिंगाशी जोडलेलं असतं, हे वापरून त्यांनी अशा जाती घडवल्या, ज्यांत अंड्यातून निघताक्षणी नर-मादी रंगावरून वेगळे सांगता येतात. लेगबार त्यातलीच. ती युक्ती इथेही घरच्या घरी साधते: निळ्या जनुकाचा, अंगावर पट्टे नसलेला नर आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक माद्या अशी जोडी लावली, तर काळसर पिल्लांपैकी ज्यांच्या डोक्यावर फिका ठिपका असतो ते नर आणि ज्यांच्या डोक्यावर नसतो त्या माद्या. रॉकचं अंडं तपकिरी असल्याने या माद्यांची अंडी हिरवट येतील, आकाशी नव्हेत. ठिपका असलेल्या पिल्लांचं पुढे काय करायचं, हे अंडी उबवणीला ठेवण्याआधी मळेवाल्याशी बोलून ठरवलेलं असावं.